मशीन आलं त्या दिवशीचा सडा

(मुखेड तालुक्यातलं बोरगव्हाण. गावाच्या उगवतीला भीमनगर, आणि भीमनगराला लागून खडीचं क्रशर. पार्वतीबाईच्या घराचं अंगण. उन्हाळ्यातली टळटळीत दुपार. क्रशर चालू आहे.)

अण्णाराव: पेढे पाहून तोंड कशाला वाकडं करता मॅडम? रिपोर्ट काही मी लिहिलेला नाही. मशीन सरकारचं, कागद सरकारचा, वजन करणारा माणूस सरकारचा. भीमनगरातली हवा मर्यादेच्या आत आहे असं त्यांनी लिहून दिलं. म्हटलं, तोंड गोड करायला आधी तुमच्याच दारात जावं. क्रशर माझं असलं तरी हवा सगळ्यांची आहे.

महामाया: डबा उचला तो बाजेवरून.

पार्वतीबाई: महामाया, दारात आलेल्या माणसाला असं बोलू न्हाई. बसा मालक. हे पाणी घ्या.

अण्णाराव: ठेवा, ठेवा पार्वतीबाई. आत्ताच पिऊन आलो.

महामाया: मालक म्हणू नको, माय. बाबांनी ह्यांचं काम सोडून किती दिवस झाले.

पार्वतीबाई: जिभेला वळण पडलंय बाय, लवकर जात न्हाई.

अण्णाराव: व्यंकटी कसा आहे?

महामाया: कसे आहेत, म्हणा.

अण्णाराव: कसे आहेत?

पार्वतीबाई: आत पडून राहतेत. दोन शब्द बोलले की दम लागतो. रातच्याला आडवं होता येत न्हाई, उशा रचून बसवावं लागतं. सकाळपस्तोर मी त्यांच्याकडं बघते आन् ते आढ्याकडं.

महामाया: डॉक्टर काय म्हणाले तेही सांग. नांदेडच्या डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यावर धरून दाखवला मला. छातीत दगडाची भुकटी बसलीय, ती निघत नाही. आहे तेवढं फुप्फुस वाचवायचं तर एक तर तिथली धूळ बंद करा, नाहीतर माणूस तिथून हलवा, म्हणाले.

पार्वतीबाई: आन् हे हलत न्हाईत. हे घर त्येंनी सोताच्या हातानं बांधलेलं हाय. चुना कालवला, माती तुडवली. महामायाच्या घरी तिसरा मजला, जिना चढता चढताच जीव जाईल म्हणतेत. मरायचं तर इथंच.

अण्णाराव: बरोबर आहे. आपलं घर ते आपलं घर.

महामाया: म्हणून मी हरित लवादात गेले, अण्णाराव. तुमचा धंदा बुडावा म्हणून नाही. माझ्या बापाला स्वतःच्या घरात श्वास घेता यावा, एवढीच मागणी आहे अर्जात. पानं कितीही असू द्या, मागणी तेवढीच.

अण्णाराव: आणि लवादानं तुमचं ऐकलं की सगळं. मशीन गावात नको, वस्तीत लावा म्हणालात. विहाराच्या गच्चीवर लावलं. क्रशर चालू पाहिजे म्हणालात. चोवीस तास एक घडी बंद केलं नाही. डिझेल माझं जळालं. आता आकडा मनासारखा आला नाही म्हणून मशीनवर रुसून काय उपयोग?

महामाया: माय, मला आज नीट सांग. मशीन आलं त्या दिवशी इथं काय काय झालं? फोनवर विचारलं तेव्हा तू नुसतं 'लई छान झालं' म्हणालीस.

पार्वतीबाई: छानच झालं की. आदल्या सांजच्याला हे आले व्हते. विहारापाशी हुबं राहून म्हणले, बायांनो, उद्या साहेब लोक येऊन राहिलेत, मोठ्या कोर्टाचं काम हाय, रातभर मुक्काम हाय त्यांचा तुमच्या विहारावर. गावाची इज्जत तुमच्या हातात.

महामाया: आणि?

पार्वतीबाई: आन् टँकर धाडला. आपल्या इकडं उन्हाळ्यात टँकर कवा आला बाय? गावात येतो, तिथंच खाली होतो, वापस जातो. ह्या टायमाला सरळ आपल्या दारात हुबा. मीच बायांना हाका मारल्या. जयंतीला करतो तसं केलं सगळं. विहार धुतला, गच्ची धुतली, पत्र्यावरची धूळ काढली. पार सडकेपस्तोर सडा टाकला. सकाळी टाकला, दुपारी वाळला म्हणून परत टाकला, सांजच्याला परत. दारोदार रांगोळ्या काढल्या. साहेब आपल्या घरचा चहा पिले. म्हणले, मावशी, एवढी साफ वस्ती मी कुठं पाहिली न्हाई.

महामाया: अगं माय.

पार्वतीबाई: का? काय झालं?

महामाया: ते वस्ती बघायला आले नव्हते. धूळ मोजायला आले होते.

पार्वतीबाई: ते काय मला ठावं न्हाई? तूच सांगितलंस. पर ते हवेतली मोजणार. मी सडा भुईवर टाकला, हवेत न्हाई टाकला.

महामाया: भुईवरचीच वर जाते, माय. ट्रक गेला की उठते, वारं आलं की उठते. ती तू दिवसभर पाण्यानं दाबून धरलीस. मशीनमध्ये एक पांढरा कागद असतो. चोवीस तास त्याच्यातून हवा ओढतात, आणि त्याच्यावर काय बसलं त्याचं वजन करतात. त्या दिवशी त्याच्यावर बसायला काही उरलंच नाही.

पार्वतीबाई: म्हंजे माझ्यापायी झालं हे?

महामाया: तुझ्यापायी नाही.

पार्वतीबाई: मग कुणापायी? पुनमला मी बोलावलं, बुद्धप्रियाच्या सासूला मी उठवलं. गुडघे धरून बसलेली म्हातारी, तिच्या हातात मी झाडू दिला. तू एका शब्दानं सांगायचं न्हाईस का, झाडू नका म्हणून?

महामाया: सुचलंच नाही मला. मशीन किती उंचीवर ठेवायचं, वारा कुठल्या दिशेचा धरायचा, लाइट कुठून घ्यायची, सगळं लिहून दिलं मी. तू सडा टाकशील हे डोक्यातच आलं नाही.

पार्वतीबाई: कसं येईल. शहरात फरशी पुसायला बाई येती तुझ्याकडं. बाहीरचा सरकारी माणूस पहिल्यांदा आपल्या वस्तीत मुक्कामाला येणार आन् आपण त्याला धूळ दाखवायची? तुझ्या आजीला ह्या गावात काय काय म्हणलेलं हाय, मी ह्या कानानं ऐकलंय. घाणीत राहतेत, घाणीतच मरतेत. ह्या घरात आल्यापासून मी एक सकाळ सडा चुकवला न्हाई. बाळंतपणात चुकला तर सासूनं टाकला. येणाऱ्यानं बघावं आपलं अंगण कसं असतं ते.

महामाया: आणि हे तुम्हाला माहीत होतं. होतं ना, अण्णाराव?

अण्णाराव: मी पाणी दिलं. शिंपडलं कुणी?

महामाया: तेच म्हणते मी. क्रशर बंद ठेवलं असतं तर लवादाचा अवमान झाला असता. मशीनला हात लावला असता तर गुन्हा झाला असता. तुम्ही काहीच केलं नाही, फक्त पाणी पाठवलं. पाणी आलं आणि पाहुणा येणार म्हटल्यावर ह्या बायका काय करतील, ते तुम्हाला पक्कं ठाऊक होतं. माझ्या आईचा मान कशात आहे ते माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त कळलं, आणि तुम्ही तो झाडूसारखा वापरलात. मला तुमची शिसारी येते. लाच दिली असतीत तर एवढी आली नसती.

अण्णाराव: बोलून घ्या. माझ्या मनाला काही लागत नाही. पण तुम्ही कॉलेजात शिकवता, जरा हिशेबानं पण बघा. धूळ उडते हे मी कधी नाही म्हटलं का? क्रशरला शेड मारायचं, पट्ट्यावर झाकणं, जागोजागी फवारे, सडक डांबरी करायची. चाळीस लाखाच्या पुढं जातंय. आणि हे नाही केल्याचा दंड किती येतो? ट्रकच्या एका टायरच्या पैशात निघतो. तो मी मागंच खडीच्या भावात धरून ठेवलाय.

महामाया: दंड भावात धरलाय.

अण्णाराव: हाव. डिझेल धरतो, मजुरी धरतो, रॉयल्टी धरतो, तसा दंड पण. सगळेच धरतात, लपवायचं काय त्यात. इकडं हायवेचं काम चाललंय, ठेकेदाराला खडी स्वस्तात पाहिजे. मी एकट्यानं चाळीस लाख घातले तर माझी खडी महाग. मग ठेकेदार माळाच्या पलीकडच्या क्रशरवर जाणार. तिथं धूळ, इथं टाळं. धूळ कमी झाली का? माझी पोरं तेवढी उपाशी.

महामाया: म्हणजे दंड ही शिक्षाच नाही. भाडं आहे. आमच्या छातीत जागा घेतल्याचं.

अण्णाराव: भाडं म्हणा. पण ते भाडं तुम्हाला कुठं येतं? वर जातं, मुंबईला. तिथून फिरून खाली येतं ते शहरात. एका शहरात हवा साफ करायच्या पैशातून चौकात कारंजं बसवलंय. मी स्वतः पाहून आलो. रंगीत दिवे लावलेत.

पार्वतीबाई: त्याला पाणी असतंय का?

अण्णाराव: असतंय की. रोज सांजच्याला सोडतात. लोक फोटो काढतात.

महामाया: ऐक माय. तुझ्या नवऱ्याच्या खोकल्याचे दिवे लागलेत तिकडं.

अण्णाराव: आता मी ते कारंजं बांधलं का? कायदा करणाऱ्यांनी बांधलं. लातूरला माझा साडू डाळमिल चालवतो. तिथं शहरात हवेचं मशीन कायम बसवलेलं, रोज आकडा येतो, पेपरात येतो, म्हणून तिकडं जरा तरी लाज धरावी लागते. खेड्यातली हवा कोण मोजतंय? तुम्ही लवादात गेलात म्हणून एक दिवस मोजली. बाकीचे दिवस कुणी मोजतच नाही, तर ती खराब आहे असं कायद्यानं म्हणताच येत नाही. हे मी तुम्हाला शिकवू का?

महामाया: किती सहज बोलता हो तुम्ही हे.

अण्णाराव: खरं आहे म्हणून सहज बोलतो. आणि म्हणूनच सरळ दारात आलो. मधले सगळे काढून टाकू. प्रदूषण मंडळ नको, लवाद नको, मुंबई नको. रोज दोन टँकर देतो. एक सकाळी, एक सांजच्याला. सडकेवर मारू, गल्लीत मारू, तुमचे ड्रम भरून घ्या वरून. तुम्ही अर्ज मागं घ्यायचा. कागद आणलाय मी, अर्ज जरी मॅडमचा असला तरी घरमालक म्हणून व्यंकटीची सही पाहिजे, व्यंकटरावांची. दंड सरकारला देण्यापेक्षा पाणी तुम्हाला दिलेलं काय वाईट?

महामाया: आणि उद्या बंद केलंत तर? पाणी देईन असं लिहून देणार का?

अण्णाराव: लिहून काय द्यायचं. माझी जबान आहे.

महामाया: आमची सही कागदावर आणि तुमची जबान.

पार्वतीबाई: थांब महामाया, मला इचारू दे. रोज म्हणता?

अण्णाराव: रोज.

पार्वतीबाई: उन्हाळ्यात बी?

अण्णाराव: उन्हाळ्यातच तर लागतंय.

महामाया: माय, तू ह्यांच्याशी सौदा करून राहिलीस?

पार्वतीबाई: बाय, तुला एक गोष्ट सांगितली न्हाई मी. मशीन व्हतं त्या रातच्याला तुझे बाबा झोपले. उशीवर डोकं टेकून, आडवे. आख्खी रात. मीच भेले. दोनदा उठून नाकापाशी हात धरला, चाललंय ना म्हणून.

महामाया: हे तू मला आत्ता सांगतेस.

पार्वतीबाई: काय सांगू. त्येंला वाटलं मशीननं झालं. त्येंला वाटतंय, ते मशीन धूळ वढून पोटात घेतं. रातभर घरघर करत व्हतं ना गच्चीवर. आता रोज इचारतेत मला, मशीन परत कवा यायचं? महामायाला म्हणाव, साहेबाला सांगून कायमचं बसवून घे. मी हाव म्हणते. कशाला मोडा त्येंचं मन.

महामाया: आणि तुला काय वाटलं, कशानं झोपले?

पार्वतीबाई: मला तवाच कळलं. पाण्यानं. म्हणून तर इचारून राहिले, रोज का म्हणून. मला तुझ्या लवादातलं काय कळत न्हाई. मला त्येंचं आडवं झोपणं कळतंय.

अण्णाराव: बघा मॅडम. ही माणसाचं बोलली. लवादाची पुढची तारीख घ्या, मग त्याच्या पुढची घ्या. वकील बदलतील, साहेब बदलतील. तोवर व्यंकटराव... मी वाईट बोलत नाही, पण एक्स-रे तुम्हीच बघितलाय.

महामाया: पुढं बोलू नका.

अण्णाराव: नाही बोलत.

महामाया: तो टँकर कुठून भरला होता तुम्ही?

अण्णाराव: कुठला?

महामाया: मशीनच्या दिवशीचा. ह्या दिवसांत विहिरी आटल्यात. मुखेडहून विकत आणला नसणार तुम्ही.

अण्णाराव: विकत कशाला. खदानीतून भरला. दगड काढत काढत खोल गेलं की झरे लागतातच. मोटार टाकलीय तिथं.

महामाया: कधीपासून?

अण्णाराव: झाली की बरीच वर्षं. आमच्या बागेला तेच पाणी जातं. त्याचं काय?

महामाया: लवादाला तुम्ही उत्तर दिलंय, ते मला तोंडपाठ आहे. 'हा कायम दुष्काळी भाग असून धूळ दाबण्यासाठी फवारणीस पाणी उपलब्ध नाही.' तुमची सही आहे खाली.

अण्णाराव: वकील लिहितात तसं.

महामाया: माय, त्या दिवशी क्रशरवर पण पाणी मारत होते का?

पार्वतीबाई: मारत व्हते की. एक माणूस दिवसभर पाइप धरून खडीच्या ढिगावर हुबा. ट्रकच्या सडकेवर बी मारलं. मी बायांना म्हणलं बी, बघा, मालकांनी बी आपल्यासारखाच सडा टाकला.

महामाया: मग पेढे कशाचे वाटताय, अण्णाराव? क्रशर चोवीस तास चालू आणि धूळ मर्यादेच्या आत, हे सरकारी मशीननं लिहून दिलंय. चाळीस लाखात नाही. एक मोटार, एक पाइप आणि एक माणूस. इतके दिवस तुम्ही लवादाला सांगत होता की जमत नाही. आता जमत होतं आणि केलं नाही, एवढंच उरलंय.

अण्णाराव: हुशार आहात. पण कोण सांगणार हे? रिपोर्टात पाइप आहे का? टँकर आहे का? साहेब चहा पिऊन गच्चीवर मशीनपाशी बसले, त्यांनी त्यांचं काम केलं. गावातला एक माणूस उभा राहणार नाही, सगळ्यांची पोरं माझ्याकडं कामाला आहेत. मी एवढंच म्हणणार, सडा वस्तीतल्या बायांनी टाकला. अर्जदाराच्या आईनंच टाकला. आपल्याच हातानं आपला रिपोर्ट बिघडवला, त्याला मी काय करू?

महामाया: किळस वाटते ऐकूनसुद्धा.

अण्णाराव: वाटू द्या. पाणी घ्या आणि सही द्या.

पार्वतीबाई: मालक, एक इचारू का? हे क्रशरच्या तोंडाशी दगड टाकायचे, दहा-बारा वरसं. तवा व्हतं का हे खदानीतलं पाणी?

अण्णाराव: असेल. आता कुठं लक्षात राहतंय.

पार्वतीबाई: माझ्या लक्षात हाय. तिथले मजूर कालवा करायचे, पाणी मारा, म्होरचा माणूस दिसंना म्हणून. तुम्ही म्हणला व्हता, गावाला प्यायला पाणी न्हाई, दगडाला कुठून पाजू? आन् हे त्या मजुरांची समजूत काढायचे. मालक खोटं बोलणार न्हाई म्हणायचे. ओला रुमाल बांधा तोंडाला म्हणायचे. इथून पाणी न्यायचे रुमाल भिजवायला. माझ्या घागरीतलं. मी हिरीवरून डोक्यावर आणलेलं. मी कुरकुर केली तर मलाच बोलले, मालकापाशी तरी कुठं हाय, म्हणले.

अण्णाराव: जुन्या गोष्टी उकरून काय हाती लागतंय, पार्वतीबाई?

पार्वतीबाई: उकरत न्हाई. थांबा जरा, त्येंला इचारून येते. सही त्येंची पायजे ना? घर बी त्येंचं, छाती बी त्येंची.

महामाया: माय, सगळं सांगणार आहेस त्यांना? मशीनचंसुद्धा?

पार्वतीबाई: आता सांगावंच लागंल. बस तू, मी एकलीच जाते.

अण्णाराव: समजदार बाई आहे तुमची आई. तुमचं ठीक आहे मॅडम, तुम्ही नांदेडला राहता. पगार आहे, नळाला पाणी आहे. इथं राहणाऱ्याचं तुम्हाला काय कळणार.

महामाया: तुम्ही कुठं राहता?

अण्णाराव: मीही हल्ली नांदेडलाच. पोरांच्या शाळेसाठी घर घेतलं. शिवाय आमच्या आईला दमा आहे, तिला इकडं सोसत नाही.

महामाया: काय सोसत नाही?

अण्णाराव: हेच की, ही धू...

महामाया: बोला ना. अडला का?

अण्णाराव: वय झालं तिचं. ऊन सोसत नाही.

महामाया: पाणी तरी प्या. घसा कोरडा पडला असेल.

अण्णाराव: म्हटलं ना, पिऊन आलो.

महामाया: तुमचे वडील पण ह्याच अंगणात उभे राहून असंच म्हणायचे. लहान होते मी. मला वाटायचं, तुमच्या घरातल्या माणसांना तहान कशी लागत नाही.

अण्णाराव: तुम्ही प्रत्येक गोष्टीत तेच आणता. आता कोण पाळतंय ते?

महामाया: पेला तुमच्यासमोर आहे.

अण्णाराव: आल्या बघा पार्वतीबाई. काय म्हणाले?

पार्वतीबाई: सही देत न्हाई म्हणले.

अण्णाराव: नीट सांगितलंत का? रोज दोन टँकर म्हणून?

पार्वतीबाई: सांगितलं.

अण्णाराव: रात्री झोप लागेल, हे सांगितलंत?

पार्वतीबाई: ते तर पहिलं सांगितलं.

अण्णाराव: मग माणूस हट्टी आहे. तुम्ही तरी समजावा. तुमच्या डोळ्यांदेखत तडफडणार तो.

पार्वतीबाई: अण्णाराव, मघा तुम्ही म्हणलात, लवादाला कोण सांगणार. मी सांगन. बाया मी जमवल्या, सडा मी टाकला, टँकर तुमचा आला, ढिगावर पाइप तुमच्या माणसानं धरला. लाज वाटंल मला सांगायला, मी कशी फसले ते. पर सांगन. पुनम बी येईल, म्हातारी बी येईल. आमची पोरं तुमच्याकडं कामाला न्हाईत. वस्तीतलं कुणी तुम्ही ठेवलंच न्हाई ह्या अर्जापासून.

अण्णाराव: या मग. करा तारखा.

पार्वतीबाई: आन् उद्यापासून अंगणात सडा न्हाई. झाडू न्हाई. विहारात बी न्हाई. मशीन परत येईपस्तोर जशी बसंल तशी बसू द्यायची. बायांना मी सांगते.

महामाया: माय, तू राहशील तशी? आणि बाबांना अजून त्रास होईल.

पार्वतीबाई: त्येंनीच सांगितलं. मला का हौस हाय बाय? विहारातल्या मूर्तीवरची धूळ बघून हात शिवशिवतील माझे. पर ते म्हणले, माझ्या छातीत जाती ती त्यांच्या कागदावर बी दिसू दे.

अण्णाराव: जातो मी. पेढे राहू देतो, पोरंबाळं खातील.

पार्वतीबाई: डबा घेऊन जावा, अण्णाराव.

महामाया: गेले एकदाचे. पेला उचलू का, माय?

पार्वतीबाई: नको. बघ, कसा थर आलाय पाण्यावर. एवढ्या येळात. राहू दे तसाच.

महामाया: बाबा खरंच काय म्हणाले? चिडले का?

पार्वतीबाई: चिडायला दम कुठं हाय. मी म्हणलं, ते मशीन धूळ वढत न्हाई, नुसतं मोजतं. त्या रातच्याला तुम्ही झोपलात ते पाण्यानं. इचारलं, कुणाच्या पाण्यानं? म्हणलं, अण्णारावच्या. खदानीत लई वरसापासून हाय म्हणतेत, बागेला जातंय त्येंच्या.

महामाया: मग?

पार्वतीबाई: मग भिंतीकडं तोंड केलं. सहीचं, सड्याचं, ते सगळं मागून बोलले. आधी मला वाटलं झोप लागली.

महामाया: आणि आधी? आधी काय म्हणाले?

पार्वतीबाई: म्हणले, म्हंजे पाणी व्हतं.